रांझ्याचा पाटील आणि काजीचा न्याय

श्रोतेहो, २०२५ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकांत एका तरुण स्त्रीवर अत्याचार झाल्याची फिर्याद नोंदली गेली, आणि त्या प्रकरणांतील आरोपी दोन-तीन दिवसांनीं आमच्या शिरूर तालुक्यांतील एका गांवीं पोलिसांच्या हातीं लागला. त्या खटल्याविषयीं बोलण्याचा मला अधिकार नाहीं. तें काम न्यायासनाचें आहे. परंतु त्या दिवसांत शिरूरच्या बाजारांत आणि दौंडच्या स्टेशनावर जीं दोन वाक्यें माझ्या कानांवर वारंवार आलीं, त्यांविषयीं बोलण्याचा अधिकार इतिहास शिकविण्यांत उभा जन्म घालविलेल्या माझ्यासारख्या पंतोजीस निश्चित आहे. पहिलें वाक्य असें कीं, "शिवाजीमहाराजांनीं रांझ्याच्या पाटलाचा चौरंगा केला, तसा याचा करावा." दुसरें असें कीं, "अरबांच्या मुलुखांतला कायदा आणावा. तेथें अशाला क्षमा नाहीं." नवल असें कीं, पुष्कळदां हीं दोन्ही वाक्यें एकाच माणसाच्या तोंडून, एका दमांत निघत. तीं ज्या दोन न्यायपद्धतींकडे बोट दाखवितात, त्या प्रत्यक्षांत कशा होत्या, आणि आपल्या भीमाकांठच्या मुलुखांत त्यांची गांठ कोठें पडली, हें आज आपण पाहूं.

प्रथम रांझ्याचें प्रकरण घेऊं. रांझें हें गांव आज भोर तालुक्यांत, खेड-शिवापुराच्या बाजूस आहे. तेथील मोकदम बाबाजी बिन भिकाजी गुजर याजविषयींचें शिवाजीमहाराजांचें पत्र २८ जानेवारी १६४६ या तारखेचें आहे. महाराजांच्या वयाचीं सोळा वर्षें अद्याप पुरीं व्हावयाचीं होतीं. त्यांची संस्कृत मुद्रा ज्या अगदीं आरंभींच्या पत्रांवर आढळते, त्यांपैकीं हें एक होय. पाटिलकी करीत असतां बाबाजीकडून 'बदअमल' घडला. ती हकीकत हुजुरास कळली. त्याला आणून विचारतां ती खरी ठरली. तेव्हां पाटिलकी अमानत करून त्याचे हातपाय तोडण्यांत आले. पुढें त्याच्याच गोतांतील सोनजी गुजर यानें त्याला आपल्या स्वाधीन करून घेण्याविषयीं अर्ज केला, सरकारांत होन भरले, आणि पाटिलकी त्याला मिळाली.

येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. हें पत्र मुळांत शिक्षेचा निवाडा नव्हे. तें पाटिलकीचें पत्र आहे. शिक्षेची हकीकत त्यांत ओघानें आली आहे. आणि 'बदअमल' या शब्दाचा अक्षरार्थ दुर्वर्तन एवढाच आहे. तें दुर्वर्तन स्त्रीच्या अब्रूवर घाला घालण्याचें होतें, असें परंपरा सांगते आणि इतिहासकारांनींही बहुधा तसेंच मानिलें आहे. पत्रांत मात्र त्या स्त्रीचा उल्लेख नाहीं. वर्गांत ही गोष्ट सांगतांना मीं कित्येक वर्षें त्या स्त्रीचें रडणें, तिचा बाप, तिची फिर्याद, सारें रंगवून सांगितलें. कागदांत त्यांतलें कांहीं नाहीं. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्टही मीं अशीच सांगितली. तिलाही समकालीन कागदाचा आधार नाहीं. परंतु स्त्रियांस उपद्रव होऊं नये असा महाराजांचा सक्त नियम होता, ही गोष्ट त्यांचा कडवा टीकाकार जो खाफीखान, तोही आपल्या ग्रंथांत मान्य करतो. आणि शत्रूची साक्ष शंभर दंतकथांहून मोलाची असते.

आतां दुसऱ्या वाक्याकडे वळूं. मुसलमानी धर्मशास्त्रांत, म्हणजे शरियतींत, गुन्ह्यांच्या शिक्षांचे मुख्यतः तीन वर्ग आहेत. ज्यांची शिक्षा ईश्वरी आज्ञेनें ठरलेली, ती 'हद्द'. खून व जखमा यांबद्दल बदला किंवा भरपाई, तो 'किसास'. आणि बाकी सर्व अपराधांबद्दल न्यायाधीशानें तारतम्यानें द्यावयाची, ती 'ताझीर'. विवाहबाह्य संबंधास 'झिना' म्हणतात, आणि त्याची गणना पहिल्या वर्गांत होते. कुराणाच्या चोविसाव्या सूरेंत त्याला शंभर फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. विवाहितास दगडांनीं ठार मारण्याची शिक्षा शास्त्रकारांनीं हदीसांवरून घेतली आहे.

परंतु बलात्काराचें काय? जुन्या शास्त्रग्रंथांत त्याला निराळें प्रकरण बहुधा नसतें. तो झिनेच्याच प्रकरणांत, 'जबरदस्तीनें केलेला झिना' म्हणून येतो. हीच या शास्त्राची मोठी अडचण, आणि हेंच त्याच्या विचाराचें मर्मही होय.

मर्म असें कीं, जिच्यावर जबरदस्ती झाली ती निर्दोष, याविषयीं हनफी, मालिकी, शाफई व हंबली या चारही पंथांत मतभेद नाहीं. ज्या दासींना वाममार्गाला लागण्याची सक्ती झाली, त्यांच्या बाबतींत ईश्वर क्षमाशील आहे, असें त्याच चोविसाव्या सूरेंत म्हटलें आहे. पैगंबरांच्या काळीं नमाजासाठीं निघालेल्या एका स्त्रीवर वाटेंत एका पुरुषानें जबरदस्ती केली. पैगंबरांनीं तिला दोषमुक्त ठरवून जाऊं दिलें, अशी हकीकत हदीसांत आहे. अपराध्याच्या शिक्षेविषयीं तींत पाठभेद आहेत, तिच्या निर्दोषत्वाविषयीं नाहींत. दुसरा खलिफा उमर याच्यापुढें एका दासीवर जबरदस्ती करणारा गुलाम आला. उमरनें त्याला फटके मारवून हद्दपार केलें. दासीला मात्र, ती सक्तीनें लाचार झाली होती म्हणून, हात लावूं दिला नाहीं. समाजांत जिला कांहीं किंमत नव्हती, अशा दासीची ही दाद आहे, हें विसरूं नये.

आणखी एक गोष्ट आपणांस अपरिचित वाटेल. मालिकी, शाफई व हंबली पंथांच्या मतें अपराध्यानें शिक्षा भोगून शिवाय त्या स्त्रीला 'महर', म्हणजे लग्नांत वधूला द्यावयाची रक्कम, भरून दिली पाहिजे. हनफींचें मत निराळें. ते म्हणतात, हद्द आणि महर एका ठिकाणीं येत नाहींत. मात्र संशयामुळें हद्द टळली, तर महर द्यावाच लागेल. आपल्या कोंकणांतील मुसलमान समाज परंपरेनें शाफई आणि देशावरील बहुतेक हनफी, म्हणून हा भेद आपल्या शेजारचाच आहे. सांगावयाचें इतकेंच कीं, दंडाची रक्कम सरकारच्या खजिन्यांत न जातां त्या स्त्रीच्या पदरांत पडावी, हा विचार त्या शास्त्रांत बाराशें वर्षांपूर्वीं झालेला होता.

आतां अडचण पहा. झिनेची हद्द लागू करावयाची तर चार पुरुष साक्षीदार पाहिजेत, आणि त्यांनीं प्रत्यक्ष कृत्य डोळ्यांनीं पाहिलेलें पाहिजे. नाहींतर अपराध्यानें स्वतः कबुली दिली पाहिजे. हनफी मतानें ती चार वेळां, आणि शिक्षा होईपर्यंत ती मागें घेण्याची त्याला मुभा आहे. शिवाय एखाद्यावर व्यभिचाराचा आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्यास ऐंशीं फटके. संशयाला किंचित् जागा असली तरी हद्द टाळावी, असा दंडक. हे सारे नियम शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं कोणाच्या घरांत डोकावूं नये आणि स्त्रियांवर उगीच तोहमत घेऊं नये, म्हणून झाले होते. दोघांच्या संमतीनें घडलेल्या गोष्टीला ते शोभतात. पण बलात्कारी मनुष्य चार साक्षीदार बोलावून अपराध करीत नाहीं. तेव्हां "तेथें अशाला क्षमा नाहीं" असें आमचा बाजारांतील मित्र म्हणतो, त्याला सांगावें लागतें कीं, बाबा, त्या ग्रंथांतील सर्वांत कठोर शिक्षा हीच सिद्ध होण्यास सर्वांत दुर्घट आहे.

शास्त्रकारांना ही अडचण दिसली नव्हती असें नाहीं. तिच्यांतून त्यांनीं दोन वाटा काढल्या. एक वाट ताझीरीची, आणि तिच्या पुढची 'सियासती'ची, म्हणजे राजानें प्रजेच्या संरक्षणार्थ द्यावयाच्या शासनाची. अबू हनीफाच्या मतें ताझीरीचे फटके एकोणचाळीसांच्या पुढें जाऊं नयेत; पण राज्यांत दहशत माजविणाऱ्यास राजा सियासतीच्या अधिकारानें प्राणदंडही देऊं शकतो, असें हनफी ग्रंथकार मानतात. दुसरी वाट मालिकींनीं काढली. कुराणाच्या पांचव्या सूरेंत वाटमारी करून मुलुखांत उपद्रव माजविणाऱ्यास वध, सूळ, उलटसुलट बाजूचा एक हात व एक पाय तोडणें, किंवा हद्दपारी, अशा शिक्षा आहेत. या अपराधास 'हिराबा' म्हणतात. बाराव्या शतकांत स्पेन देशांतील सेव्हिल शहरीं इब्न अल-अरबी नांवाचा मालिकी काजी होऊन गेला. वाटमाऱ्यांच्या एका टोळीनें एका स्त्रीस पळवून नेल्याचें प्रकरण त्याजपुढें आलें. इतर शास्त्री म्हणाले, हिराबा हा द्रव्यासंबंधींचा गुन्हा आहे, अब्रूसंबंधींचा नव्हे. त्यावर तो संतापला. माणसें एक वेळ धन लुटलेलें सोसतील, पण डोळ्यांदेखत बायकामुलींना नेलेलें सोसणार नाहींत; म्हणून हा हिराबा त्या हिराब्याहून अधिक अघोर आहे, अशा आशयाचा निर्णय त्यानें दिला. म्हणजे बलात्कार हा व्यभिचाराचा पोटभेद नसून दरोड्याच्या जातीचा, बळजबरीचा गुन्हा आहे, हें त्यानें ओळखलें. त्याला चार साक्षीदारांची अट लागत नाहीं. मला वाटतें, या विषयावरील जुन्या विचारांत हा सर्वांत तीक्ष्ण विचार होय.

आतां पुन्हां आपल्या मुलुखाकडे या. १६४६ सालीं पुणें प्रांत शहाजीराजांच्या जहागिरींत, आणि जहागीर विजापूरच्या मुहंमद आदिलशहाच्या सत्तेखालीं होती. दख्खनच्या सुलतानींत न्याय केवळ काजीच्या हातीं नसे. वतनाचा तंटा निघाला म्हणजे 'हाजिर मजालस' बसे. तींत काजी असे, सरकारी अंमलदार असत, आणि देशमुख, देशपांडे, पाटील, शेटे-महाजन व बलुतेदारही असत. महजरावर फारशी शिक्क्याशेजारीं नांगराची आणि तराजूची निशाणी उमटे. काजी निवाडा देतो आहे आणि गोत साक्ष देतें आहे, अशी ही मिश्र पद्धति होती. रांझ्याच्या पत्राची भाषाच पहा ना. बदअमल, अमानत, हुजूर, गुन्हेगारी हे शब्द मराठी झालेल्या फारशीचे. मुद्रा मात्र संस्कृत.

मग बाबाजी पाटलाला मिळालेली शिक्षा कोणत्या शास्त्राची? हातपाय तोडण्याची कल्पना हिराब्याच्या शिक्षेची आठवण करून देते, पण ती तंतोतंत तीच नव्हे; तेथें एक हात व एक पाय सांगितला आहे. आपल्या स्मृतींतही परस्त्रीवर जबरदस्ती करणाऱ्यास देहदंड आहेच. महाराजांनीं कोणतें पुस्तक उघडून हा हुकूम दिला, असें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु त्या काळच्या काजीनें त्याला कोणत्या सदरांत घातलें असतें, तें सांगतां येतें. तो म्हणाला असता, ही सियासत आहे. येथें चार साक्षीदार मागितले गेले नाहींत. विचारपूस झाली, गोष्ट खरी ठरली, आणि प्रजेच्या रक्षणाची जबाबदारी ज्याच्यावर, त्यानें शासन केलें. अपराधी कोण होता? गांवचा पाटील, रक्षणार्थ नेमलेला मनुष्य. म्हणून शिक्षेबरोबर त्याचा अधिकारही गेला. आमच्या मित्रांना हातपाय तोडल्याचें स्मरतें. अधिकार काढून घेतल्याचें कोणास स्मरत नाहीं.

पुढें औरंगजेब दख्खनेंत उतरला. दौंड तालुक्याच्या सीमेवर, भीमेच्या पलीकडच्या तीरावर पेडगांवचा बहादुरगड उभा आहे. मोंगलांची ती मोठी छावणी. संभाजीमहाराजांना १६८९ सालीं कैद करून तेथेंच बादशहापुढें आणलें, आणि शिरूर तालुक्यांतील वढू व जवळचें तुळापूर हीं गांवें त्यांच्या बलिदानाच्या स्मृतीनें पावन झालीं. याच बादशहानें आपल्या राज्याच्या आरंभींच्या वर्षांत, शेख निजाम बुऱ्हाणपुरी याच्या देखरेखीखालीं शास्त्र्यांचें मंडळ बसवून, 'फतवा-इ-आलमगिरी' हा हनफी निर्णयांचा प्रचंड ग्रंथ तयार करविला. झिना, हद्द, ताझीर यांचे वर सांगितलेले नियम त्यांत पद्धतशीर मांडलेले आहेत. परंतु ग्रंथ एक आणि सत्ता दुसरी. विजापूर व गोवळकोंडें या मुसलमानी राज्यांवर चालून जाणें शास्त्रसंमत आहे काय, असें बादशहानें विचारलें, तेव्हां त्याच्या मुख्य काजीनें, शेख-उल-इस्लाम यानें, अनुकूल फतवा देण्याचें नाकारून पद सोडलें. मोहीम थांबली नाहीं. पण शास्त्र हें राजाच्या पदरीं बांधलेलें नसतें, एवढें त्या काजीनें दाखवून दिलें.

पेशवाईंत आमचें काय होतें, तेंही झांकून ठेवूं नये. 'बदकर्मा'बद्दल स्त्रियांना कैद करून कुणबिणी, म्हणजे बटकी, केल्याचीं उदाहरणें दफ्तरांत पुष्कळ आहेत. पुरुष बहुधा दंड भरून सुटे. स्त्री जन्माची गुलाम होई. दुसऱ्याच्या शास्त्राचा दोष दाखवितांना आपल्या दफ्तरावरची धूळही झाडावी, हें मीं मुलांना सांगत आलों; आपणांसही तेंच सांगतों.

इंग्रज आले तेही आमच्याच दारावरून. शिरूर, म्हणजे घोडनदी, येथें त्यांची छावणी होती; १८१७ च्या शेवटच्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टनची पलटण शिरूरहून कोरेगांवाकडे निघाली. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन यानें प्रथम जुन्या रीतींना फारसा हात लावला नाहीं. बंगालमध्यें तर कंपनीच्या न्यायालयांत मौलवी बसत आणि त्यांच्या फतव्यावरून फौजदारी शिक्षा ठरत. मुंबई इलाख्यांत १८२७ च्या चौदाव्या कायद्यानें सर्व धर्मांच्या प्रजेस एकच फौजदारी कायदा लागू झाला. पुढें १८६० चा पीनल कोड झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला. त्यांत बलात्कार हा व्यभिचारापासून स्पष्टपणें निराळा केला, आणि चार साक्षीदारांची अट राहिली नाहीं. तरी संमतीचें वय त्यांत दहा वर्षें होतें, आणि १८९१ सालीं तें बारा करतांना याच पुण्यांत केवढें वादळ उठलें, तें आपण जाणतांच.

म्हणजे नव्या कायद्यानें सर्व सुटलें काय? दोन उदाहरणें शेजारीं ठेवून पहा. पाकिस्तानांत १९७९ सालीं हुदूद फर्मान निघालें आणि बलात्कार पुन्हां झिनेच्या प्रकरणांत गेला. १९८३ सालीं तेथें एका अंध मुलीनें आपणांवर अत्याचार झाल्याचें सांगितलें. पुरुष पुराव्याअभावीं सुटला, आणि तिची गर्भावस्था हाच तिच्याविरुद्ध पुरावा धरून खालच्या न्यायालयानें तिलाच कैद व फटके सुनावले. वास्तविक नुसत्या गर्भावस्थेवरून दोष न धरण्याचा नियम हनफी शास्त्रांतच आहे! वरच्या शरियत न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली. पण बलात्काराचा गुन्हा सर्वसाधारण दंडविधानांत परत येण्यास २००६ साल उजाडावें लागलें. आणि आमच्या महाराष्ट्रांत? १९७२ सालीं देसाईगंजच्या पोलीसठाण्यांत एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला झाला. नागपूरच्या उच्च न्यायालयानें पोलिसांस दोषी धरलें. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, अंगावर खुणा नाहींत, तेव्हां प्रतिकार झालेला दिसत नाहीं, अशा विचारानें त्यांना सोडलें. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी या चार कायदेपंडितांनीं १९७९ सालीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें, देशभर चळवळ उठली, आणि १९८३ सालीं कायदा बदलला. एका ठिकाणीं शरियतीचें नांव, दुसऱ्या ठिकाणीं पीनल कोडाचें. पण खोट एकच. जबरदस्तीचा गुन्हा तपासतांना अपराध्याच्या बळाऐवजीं स्त्रीच्या चारित्र्याकडे पाहणें. सेव्हिलच्या काजीनें सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं ज्यावर बोट ठेवलें, ती हीच खोट.

म्हणून बाजारांतील माझ्या मित्रांना मीं सांगतों: शिक्षा किती भयंकर, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, फिर्याद करणारीचें कोण ऐकतो, पुरावा कोणाकडून मागतो, आणि ती घरीं परत जाते तेव्हां तिच्या पदरांत काय पडतें. महाराष्ट्र सरकारनें २०१३ सालीं अशा स्त्रियांस अर्थसाह्य देणारी 'मनोधैर्य योजना' काढली, तेव्हां मला त्या जुन्या महराची आठवण झाली.

शेवटीं एक आठवण सांगून पुरें करतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं दौंडकडच्या एका खेड्यांत मीं चौथीच्या वर्गाला रांझ्याच्या पाटलाची गोष्ट सांगत होतों. गोष्ट संपली, मुलांनीं टाळ्या वाजविल्या, आणि मागच्या रांगेतील एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, पाटलाचें नांव सांगितलंत. त्या बाईचं नांव काय?" मीं म्हणालों, "कागदांत नाहीं." ती म्हणाली, "मग तिचं पुढें काय झालं?" मीं म्हणालों, "तेंही नाहीं." ती खालीं बसली. त्या दिवसापासून ती गोष्ट मला पूर्वीसारखी सांगतां आली नाहीं.

पुढें १९८३ चा कायदा वाचनांत आला. अशा स्त्रीचें नांव प्रसिद्ध करणें हा त्यानें गुन्हा ठरविला. रांझ्याच्या कागदांत नांव नाहीं, कारण पत्र पाटिलकीचें होतें, तिचें नव्हतें. आज आपण नांव झांकतों, तें तिला पुन्हां गांवांत ताठ मानेनें फिरतां यावें म्हणून. त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाला, तिच्या पाठीमागून कां होईना, मला हें एवढें उत्तर सांपडलें. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र कोणत्याही शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. तें ज्या त्या गांवानें द्यावयाचें असतें.